उडणाऱ्या माणसाची बाजू घेणाऱ्या विमलताई

विमलताई सिनेमा बघायला बसल्या की आधी चपला काढायच्या. हॉल आमच्या कॉलेजातला असो, नाहीतर जालना रोडवरच्या नव्या मॉलमधला गुबगुबीत खुर्च्यांचा. चपला खुर्चीखाली सरकवायच्या, पाय फरशीला टेकवायच्या आणि पदर कमरेला खोचायच्या; जणू आता तांदूळ निवडायला बसायचंय. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "पाय गार असले की डोकं झोपत नाय. आन् कोणीतरी एवढ्या मेहनतीनं केलेलं बघायचं, ते चपला घालून कसं बघावं?" यातलं खरं कारण कोणतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

विमल गाडेकर. माहेर सोयगावचं, घर शेतकऱ्याचं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला, मूलबाळ नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच, बस थांब्यावर उभ्या असताना एका दमात सांगितलं आणि लगेच समोरच्या गाडीवरच्या पेरूंचा भाव विचारला. पडेगावला, दौलताबाद रोडपासून थोडं आत, त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अंगणासमोर ज्वारी उभी होती. पुढं तिथं चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट झाले आणि मग पाहता पाहता चार मजली इमारती.

मी परभणीहून या शहरात मराठी शिकवायला आले. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. विमलताई भूगोलाच्या. पण साऱ्या शहराला त्या माहीत होत्या त्या फिल्म सोसायटीमुळं. नकाशांच्या स्लाइड दाखवायला म्हणून भूगोल विभागाच्या हॉलला जाड काळे पडदे होते. अख्ख्या कॉलेजात दिवसा अंधार होणारी ती एकच खोली. ताईंनी तिथं शनिवारी दुपारी सिनेमे दाखवायला सुरुवात केली आणि बघता बघता डॉक्टर, वकील, बँकवाले, नाटकवाली पोरं असे पन्नाससाठ लोक जमायला लागले.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि नळ मात्र आठवड्यातून एकदा यायचा. एकदा ऐन सिनेमात कुणाचा तरी फोन वाजला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "गारखेड्याला पाणी आलं!" अर्धा हॉल उठून उभा राहिला. दुसऱ्या कुणी कपाळावर आठ्या घातल्या असत्या. ताईंनी सिनेमा थांबवला, दिवा लावला. "जावा, भरून या. हा कुठं पळून जात नाय." उरलेल्यांना चहा पाजला आणि तासाभरानं, मंडळी ओल्या बाह्यांनी परत आल्यावर, पडद्यावरची ती परदेशी बाई जिथं दार उघडून उभी होती तिथूनच पुढं चालू केलं.

त्यांचा एक खेळ होता. सुरुवातीची नावं गाळून कुठल्याही सिनेमाचा मधलाच तुकडा दाखवायचा आणि विचारायचं, "हात कुणाचा?" म्हणजे दिग्दर्शक कोण. पहिल्यांदा मी गोंधळले. ताई म्हणाल्या, "अगं, दहा भाकरींत मी माझ्या आईची ओळखायचे. कडंला तिच्या अंगठ्याचा दाब असायचा. तसंच हाय हे. कॅमेरा कुठं थांबतो, कुणाच्या तोंडाकडं बघतो, कुणाला बोलू देतो. बघत राहा, दिसंल." आणि वर्षभरात खरंच दिसायला लागलं. चाळिशीला आलेल्या मला कुणीतरी नव्यानं वाचायला शिकवत होतं.

सोसायटीचे अध्यक्ष होते पिंपळे वकील. पांढरा शर्ट, स्वच्छ मराठी, आणि सिनेमावर मनापासून प्रेम. त्यांचा आणि ताईंचा वाद हा आमच्या शनिवारचा दुसरा खेळ. तो कधी वाढायचा तर कधी विनोदावर जायचा, पण एकदा मात्र तो चांगलाच पेटला.

झालं असं, की एका परदेशी दिग्दर्शकाचे सिनेमे आम्ही अगदी पूजा केल्यासारखे बघायचो. संथ, कमी बोलणारे, माणसाच्या चेहऱ्यावर मिनिटभर थांबणारे. त्या माणसानं कॉमिक्समधल्या सुपरहिरोचा सिनेमा केल्याची बातमी आली. पिंपळे वकील हादरले. "घरातला माणूस जुगाराच्या अड्ड्यावर दिसावा तसं झालं," ते म्हणाले. ताईंनी काय करावं? अख्ख्या कमिटीला मॉलमध्ये नेलं. पॉपकॉर्नच्या वासात, किंचाळणाऱ्या पोरांच्या मधोमध आम्ही सहा प्रौढ माणसं डोळ्यांवर थ्रीडीचे ते काळे चष्मे लावून बसलो. ताईंच्या चपला अर्थातच खुर्चीखाली होत्या.

बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेताना पिंपळे म्हणाले, "बोला आता. दिसला का तुम्हाला हात?"

"दोन ठिकाणी दिसला," ताई म्हणाल्या. "बाकी सगळा कंपनीचा."

"मग? कशासाठी घालवली यानं इतकी वर्षं? कलावंताला आयुष्य एकच असतं, मॅडम. झऱ्याचं पाणी नळाला जोडलं की त्याची चव राहते का?"

"वकीलसाहेब, आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्या नळाखाली तुम्हीबी बादली लावताच की."

सगळे हसलो. पिंपळेही हसले, पण लगेच गंभीर झाले. त्यांचं म्हणणं सोपं नव्हतं. पात्र कंपनीच्या मालकीचं, शेवट आधीच ठरलेला, मारामारीचे प्रसंग दुसरेच कुणी घेणार; मग दिग्दर्शक तिथं भाड्यानं आणलेलं नाव नाही तर काय? आणि तो तिकडं गेला की इकडचा लहान सिनेमा कोण करणार?

ताईंनी कप खाली ठेवला. "हे सगळं खरं हाय. पण त्या हॉलमधी आज किती पोरं व्हती बघितलं? ती पोरं आपल्या हॉलमधी येणार नायत. त्यांचा सिनेमा हाच. मग त्यांना नेहमी करपलेलीच भाकरी द्यायची का? चांगला हात फक्त आपल्या पन्नास माणसांसाठी राखून ठेवायचा?"

पिंपळ्यांना ते पटलं नाही. मलाही तेव्हा पुरतं पटलं नव्हतं. पण हा नुसता चहावरचा वाद राहणार नव्हता.

ताईंचा एक विद्यार्थी होता, दिगंबर. पिशोरचा. भूगोल घेऊन बीए झाला, पण खरं तर तो त्या काळ्या पडद्यांच्या खोलीत शिकला. पुढं त्यानं इकडून तिकडून जमवाजमव करून एक सिनेमा केला. गावात टँकर येतो आणि जातो, एवढीच गोष्ट. तो देशोदेशी दाखवला गेला, वाखाणला गेला. पिशोरला शाळेच्या पटांगणात दाखवला तेव्हा ताईंबरोबर मीही गेले होते. अर्धा सिनेमा झाल्यावर दिगंबरच्या वडिलांनी अंधारात त्याला विचारलं, "दिगू, पिच्चर कवा सुरू व्हनार?" दिगंबर खाली मान घालून बसला. ताई मात्र इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. नंतर त्या मला म्हणाल्या, "त्याचा बाप लई मोठी गोष्ट बोलला. दिगूच्या ध्यानात आलं पाहिजे."

दोन वर्षांनी दिगंबर मुंबईहून अचानक पडेगावला आला. मी ताईंकडे पेपर तपासायला गेले होते. त्याला एका मोठ्या निर्मात्यानं बोलावलं होतं. एका जुन्या हिंदी कॉमिक्समधला उडणारा हिरो, त्याच्यावर मोठा सिनेमा. टँकरचा सिनेमा बघूनच बोलावलं होतं म्हणे.

"ताई, काय करू? मित्र म्हणतात, गेलास तर संपलास."

"तुला काय वाटतं?"

तो बजेटबद्दल बोलला, मोठ्या नटाबद्दल बोलला, देशभर किती थिएटरं मिळतील ते बोलला. ताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे त्यांचं झालं. तुला काय दिसतंय त्यात?"

दिगंबर पुन्हा थिएटरांच्या आकड्यांवर गेला.

ताई उठल्या. "चला, फिरून येऊ." आम्ही तिघं रिक्षात कोंबून लेण्यांच्या डोंगरावर गेलो. भर उन्हाळ्याची दुपार. पायऱ्या चढताना ताई दोनदा थांबल्या, पण वर गेल्यावरच बसल्या. खाली शहर पसरलं होतं. गच्च्यांवर काळ्या टाक्याच टाक्या, अर्धवट बांधलेल्या इमारती, रस्त्यावर मुंगीसारखे सरकणारे टँकर. आणि शहर संपतं तिथून पुढं नुसती भुरी जमीन.

"दिगू, मी जन्मभर पोरांना नकाशे शिकवले," ताई म्हणाल्या. "नकाशा म्हणजे वरनं बघणं. वरनं बघणाऱ्याला लवकरच एक खोड लागते, त्याला माणसं दिसंनाशी होतात. तुझा हिरो उडतो. व्हय? मग त्याला वरनं काय दिसतं ते सांग."

दिगंबर त्या भुऱ्या जमिनीकडं बघत होता. वाऱ्यानं त्याच्या शर्टाची कॉलर फडफडत होती. मग तो सावकाश बोलायला लागला. "विहिरी दिसतील, ताई. आमच्याकडच्या. पाणी असलं की वरून त्या काळ्याभोर दिसतात, बुबुळासारख्या. आता नुसते पांढरे डोळे दिसतील. शेकडो. सगळे त्याच्याकडंच बघतायत." तो थांबला. "आणि तो खाली उतरंल. त्याच्या अंगात एवढी ताकद, पण कुणाशी लढायचं तेच त्याला कळणार नाही."

ताईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग कर. हे दुसरं कुणी करणार नाय. पण एक ध्यानात ठेव, हे ते तुझ्याकडनं काढून घ्यायला बघतील. ह्याच्यासाठी भांड. बाकीच्यासाठी नको भांडू, दम टिकायचा नाय."

दिगंबर उड्या मारत पायऱ्या उतरला. परत येताना तो वाटेत बसस्टँडवर उतरून गेला आणि रिक्षात आम्ही दोघीच उरलो. ताई बाहेर बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "मी त्याला खड्ड्यात तर ढकललं नाय ना गं?" त्यांच्या आवाजात अशी भीती मी आधी कधी ऐकली नव्हती. मी नुसता त्यांचा हात धरला.

सिनेमा यायला बराच काळ गेला. आला तो मोठ्या गाजावाजात. चौकाचौकात मोठमोठी चित्रं लागली. त्यात हिरोचं नाव डोंगराएवढं आणि दिगंबरचं मुंगीएवढं. पहिल्याच दिवशी आम्ही गेलो. पहिला तासभर इमारती कोसळत होत्या, गाड्या हवेत उडत होत्या. मग ते आलं. हिरो ढगांवरून उडत असतो, खाली बघतो, आणि संगीत थांबतं. भुऱ्या जमिनीवर पांढरे, कोरडे डोळे. एक, दोन, मग जमीन संपेपर्यंत. तो खाली उतरतो. विहिरीच्या काठावर एक म्हातारी दोर गुंडाळत असते. ती त्याच्याकडं बघते, त्याच्या झगमगीत कपड्यांकडं बघते आणि पुन्हा दोर गुंडाळायला लागते.

किंचाळणारी पोरं गप्प झाली होती. मागच्या रांगेतला कुणीतरी हळूच म्हणाला, "अबे, ये तो अपनेच गाँव का है." मी ताईंकडं पाहिलं. त्या खुर्चीच्या टोकाला येऊन बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग पडद्यावर खलनायक आला आणि सगळं पुन्हा कोसळायला लागलं.

सिनेमा धड चाललाही नाही आणि धड पडलाही नाही. मारामारीसाठी आलेल्यांना तो मध्येच रडका वाटला आणि जाणकारांनी लिहिलं की एक चांगला दिग्दर्शक बाजारानं गिळला. आमच्या सोसायटीच्या वार्षिक महोत्सवाचं उद्घाटन दिगंबरच्या हस्ते करायचं आधी ठरलं होतं. पिंपळे वकिलांनी बैठकीत सुचवलं की आता दुसरं कुणी बघावं. "माझा त्याच्यावर राग नाही," ते म्हणाले आणि त्यांना खरंच दुःख झालेलं दिसत होतं. "पण आपण त्याला बोलावलं तर नव्या पोरांना काय सांगतोय आपण? की दोन मिनिटांच्या कवितेसाठी दोन तासांचा गोंगाट विकावा?"

ताई उभ्या राहिल्या. "ती दोन मिनिटं किती लोकांनी पाहिली, वकीलसाहेब? त्याचा टँकरचा सिनेमा जलमभरात जेवढ्यांनी पाहिला असंल, त्याहून जास्त लोकांनी ती एका दुपारी पाहिली. त्या म्हातारीकडं त्यांनी पाहिलं. मला एवढं पुरं हाय." त्या थांबल्या. "सिनेमा चांगला हाय असं मी म्हणत नाय. पण पोरगं पडलं म्हणून त्याला दार लावून घेणारं घर मला नको."

मतं घेतली. ताई हरल्या. मला वाटलं, आता या राजीनामा देतील. पुढच्या शनिवारी त्या नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आल्या, काळे पडदे ओढले आणि पिंपळ्यांसाठी त्यांची नेहमीची खुर्ची पुसून ठेवली.

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. दिगंबर ताईंना भेटायला आला तो कौतुकाच्या अपेक्षेनं. साऱ्या शहरात त्याची बाजू घेणारं हे एकच माणूस होतं. ताईंनी त्याला जेवू घातलं, शेंगोळे केले होते, आणि मग सिनेमा लावून सुरुवातीपासून एकेक प्रसंग थांबवत गेल्या. "इथं तू नव्हतास. इथंबी नव्हतास. हे कुणी घेतलं? तू त्या दिवशी सेटवर गेला व्हतास का?" मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. दिगंबरचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो म्हणाला, "ताई, बाहेर तुम्ही माझ्यासाठी भांडलात आणि घरात हे?"

"बाहेर तुझ्यासाठी भांडले म्हणूनच घरात हे," ताई म्हणाल्या.

तो चप्पल पायात सरकवून निघून गेला. वर्षभर त्याचा फोन नाही. ताई दाखवत नव्हत्या, पण फोन वाजला की हातातलं काम टाकून उठायच्या आणि नाव बघून परत बसायच्या.

एका सकाळी तो दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात लॅपटॉप. "ताई, तुम्ही सांगितलं ते सगळं बरोबर नव्हतं," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "ती हॉस्पिटलची जागा माझी आहे. ते मी घेतलंय, मीच. तुम्ही नीट पाहिलं नाही."

"दाखव," ताई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा पुसला आणि तो प्रसंग पाहिला. जखमी हिरो पलंगावर पडलेला आहे आणि नर्स त्याच्या अंगातला तो झगमगीत पोशाख कात्रीनं कापतेय. कापता कापता शिवण बघते, क्षणभर बोटानं चाचपते, कुणी शिवला असेल असा विचार केल्यासारखी. ताईंनी ते पुन्हा बघितलं. पुन्हा एकदा. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "हाय. तू हायेस इथं. मी गोंगाटाला वैतागले व्हते, म्हणून दिसलं नाय." दिगंबरनं लॅपटॉप बंद केला आणि लहान पोरासारखा तोंड ओंजळीत धरून बसला. ताई आत जाऊन चहा ठेवायला लागल्या. तिथूनच ओरडल्या, "पण ती गाण्याची जागा नायच तुझी. त्याच्यावर मी हटणार नाय."

मी त्या घरातून जे घेऊन आले ते अजून वापरते. विद्यार्थ्याची वही समोर आली, कुणाची कविता आली, कुणी उसनवारीच्या शब्दांनी भरलेला प्रबंध आणून दिला, की आधी त्यात ते माणूस कुठं आहे ते शोधते. सापडलं की तिथं बोट ठेवते. नाही सापडलं तर तेही सांगते, पण आधी जेवू घालून. मोठ्या कलावंतांनी असले सिनेमे करावेत की नाहीत, याचं उत्तर मला आजही ठामपणे देता येत नाही. पिंपळे वकिलांचं चुकत होतं असंही मला वाटत नाही. पण ताई नसत्या तर मी तो प्रश्न नाक वर करून विचारला असता, एवढं नक्की.

दिगंबरनं पुढं दोन लहान सिनेमे केले, आणि अलीकडे पुन्हा एक मोठा. तो बघायला पहिल्या दिवशी पिंपळे वकील आले होते, काठी टेकत. ताई तोवर गेल्या होत्या. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, चार दिवसांच्या आजारानं.

त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. सोयगावच्या त्यांच्या जुन्या शाळेनं पोरांसाठी सिनेमा दाखवायला बोलावलं होतं आणि पोरांनी मागणी केली होती ती उडणाऱ्या माणसाच्या सिनेमाची. ताईंनी दिगंबरलाही ओढून घेतलं होतं. मी बसस्टँडवर सोडायला गेले तेव्हा सकाळची एसटी भरून वाहत होती. ताईंना खिडकीची जागा मिळाली होती. मांडीवर प्रोजेक्टरची पेटी, ती दोन्ही हातांनी गच्च धरलेली. दिगंबर गर्दीत उभा होता, खांद्यावर गुंडाळलेला पडदा. मुंबईत ज्याला भेटायला लोक ताटकळायचे, त्याला एक आजीबाई "जरा सरक ना बाबा" म्हणून कोपरानं ढकलत होती आणि तो सरकत होता.

मी खिडकीतून सांगितलं, "ताई, पोरं दंगा करतील हं."

"करू दे की," त्या म्हणाल्या. "गप बसली तर मला भ्या वाटंल."

मग त्यांचं माझ्याकडं लक्ष राहिलं नाही. शेजारी बसलेल्या, मांडीवर कोंबडीची टोपली घेतलेल्या माणसानं त्यांना विचारलं होतं, की पेटीत काय आहे. ताई त्याच्याकडं पूर्ण वळल्या. गाडी सुरू झाली, आवाज वाढला, म्हणून त्याही आवाज चढवून बोलायला लागल्या. एक हात पेटीवरून उचलून त्यांनी वर नेला, हवेत सपाट धरला, उडणाऱ्या माणसासारखा, आणि सावकाश खाली आणला. तो माणूस तोंड उघडं ठेवून त्या हाताकडं बघत होता. गाडी फाटकातून वळून गेली तरी ताईंचं सांगणं चालूच होतं.